‘होमली’ म्हणजे नक्की कशी?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. फराळाचे रिकामे डबे घासूनपुसून माळ्यावर चढवत होते, तेवढ्यात माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. आवाज रडवेला. “वहिनी, आधी इकडे या. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

आमची दोन्ही घरं साताऱ्यातच, चालत दहा मिनिटांवर. होते तशी निघाले. वाटेत मनात नाही नाही ते येऊन गेलं. पोचले तर जाऊबाई डोक्याला हात लावून बसलेल्या, भावोजी येरझारा घालताहेत, आणि पुतणी खिडकीशी पाठ फिरवून उभी.

झालं होतं ते असं. पुतणीसाठी अमेरिकेतलं एक स्थळ सांगून आलं होतं. मंडळी आपल्याकडचीच, मूळची वाईची, पण तीस वर्षं न्यू जर्सीत स्थायिक. मुलगा तिकडेच जन्मलेला. मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून जावेनं मुलीची माहिती इंग्रजीत लिहून पाठवली होती. शिक्षण, उंची, वर्ण, नोकरी, आणि शेवटी आपण सगळ्याच लिहितो ती ओळ: ‘सिंपल अँड होमली गर्ल’.

त्यावर मुलाच्या आईचा फोन आला. बाई बोलायला गोड. म्हणाल्या, “रागावू नका हं, पण आमच्या मुलानं कागद वाचला आणि मला विचारलं, ‘आई, फोटोत तर ही मुलगी छान दिसते. मग तिच्या आईवडिलांनीच ती दिसायला बेताची आहे असं का लिहिलंय?’”

“वहिनी, पोटच्या पोरीला मी असं म्हणेन का हो? मी तर चांगलंच लिहिलं होतं!” जाऊबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

लग्नाआधी मी दोन वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि अजूनही दुपारी चार मुलांच्या शिकवण्या घेते. त्यामुळे घरात कुणाचं इंग्रजी अडलं, की बोलावणं मला. त्या दिवशी मात्र मला दोन्ही बाजू बरोबर म्हणाव्या लागल्या. जावेनं चांगलंच लिहिलं होतं, आणि मुलानंही काही चुकीचं वाचलं नव्हतं. शब्द एकच, पण तीन देशांत त्याचे तीन अर्थ. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींनी हा शब्द कधी ना कधी लिहिला असेल. म्हणून म्हटलं, आज त्याचीच नीट ओळख करून घेऊ.

‘ली’ लागलं म्हणजे काय?

‘होम’ म्हणजे घर. त्याला ‘ली’ जोडलं, की झालं ‘होमली’. आता शाळेत आपण पाठ केलेलं असतं, की ‘ली’ लागलं की क्रियाविशेषण. स्लो–स्लोली, क्विक–क्विकली. मग ‘होमली’ हे विशेषण कसं? माझ्या शिकवणीतल्या मुलांचाही इथंच गोंधळ होतो.

युक्ती सोपी आहे. ‘ली’ कशाला लागलंय ते बघायचं. विशेषणाला लागलं, तर सहसा क्रियाविशेषण होतं. नामाला लागलं, तर बहुतेक वेळा विशेषण होतं. फ्रेंड–फ्रेंडली, मदर–मदरली, कॉस्ट–कॉस्टली, तसंच होम–होमली. म्हणून ‘होमली रूम’ म्हणता येतं. पण ‘ती घरच्यासारखा स्वयंपाक करते’ हे सांगायला ‘शी कुक्स होमली’ म्हटलं, तर ते चूक. तुलना करायची तर ‘होमलिअर’ आणि ‘होमलिएस्ट’. भाववाचक नाम ‘होमलिनेस’.

व्याकरण इतकंच. खरी गंमत आहे ती अर्थात.

तीन देश, तीन अर्थ

इंग्लंडात हा शब्द घराला, खोलीला, जेवणाला लावतात, आणि कौतुकानं लावतात. ‘द रूम वॉज स्मॉल बट होमली’, म्हणजे खोली लहान होती, पण तिथं आपलेपणा वाटत होता. झगमगाट नाही, पण पाय पसरून बसावंसं वाटेल अशी जागा. टोल्किन यांच्या १९३७ साली आलेल्या ‘द हॉबिट’ या पुस्तकात प्रवासाला निघालेल्या मंडळींना वाटेत एक घर लागतं. पोटभर जेवण, गाढ झोप, गप्पागोष्टी, सगळं तिथं मिळतं. त्या घराला लेखकानं ‘होमली’ हेच विशेषण दिलं आहे. इंग्लंडात बाईमाणसाला ‘होमली’ म्हटलं, तर त्यातही पुष्कळदा मायाळू, साधी, घरात रमणारी असा चांगला भाव असतो.

अमेरिकेत मात्र माणसाबद्दल हा शब्द आला, की तो थेट चेहऱ्यावर जातो. ‘अ होमली फेस’ म्हणजे न देखणा, बेताचा चेहरा. ‘अग्ली’ म्हणजे कुरूप. ‘होमली’ त्यापेक्षा सौम्य, एवढंच. तिकडची माणसं एखाद्या ओबडधोबड कुत्र्यालाही ‘होमली’ म्हणतील. मग घरासारख्या उबदार जागेला ती काय म्हणतात? त्यासाठी त्यांचा शब्द आहे ‘होमी’. एका अक्षराचा फरक, पण अर्थ कुठल्या कुठे!

आणि तिसरा अर्थ आपला. घरकामात तरबेज, शालीन, मोठ्यांचा मान राखणारी, फारशी घराबाहेर न रमणारी. मराठी जाहिरातींत आपण ‘गृहकृत्यदक्ष’ लिहायचो ना, तेच इंग्रजी जाहिरातींत ‘होमली’ होऊन बसलं. विवाहमंडळाच्या वहीतून ते वर्तमानपत्रात आलं आणि तिथून आता मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीच्या कागदात. एक गोष्ट ध्यानात आली का? हा शब्द आपण मुलीलाच लावतो. ‘होमली मुलगा आहे’ असं लिहिलेलं स्थळ मी तरी आजवर पाहिलेलं नाही.

घर आणि रूप यांची गाठ पडली कशी?

घरावरून निघालेला शब्द चेहऱ्यावर कसा आला, हा प्रश्न मलाही पडला होता. शोधत गेले, तेव्हा फार जुनी आणि मोठी माणसं वाटेत भेटली.

पहिली भेटली ती एक बाईच. इंग्लंडातल्या नॉरिच शहरात चौदाव्या शतकात ज्युलियन नावानं ओळखली जाणारी एक साध्वी होऊन गेली. १३७३ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ती मरणाच्या दारात असताना तिला देवाची दर्शनं घडली. ती तिनं पुढे लिहून काढली. बाईनं लिहिलेलं म्हणून ओळखता येणारं इंग्रजीतलं सर्वांत जुनं उपलब्ध पुस्तक ते हेच. चर्चला लागून असलेल्या एका खोलीत तिनं स्वतःला कायमचं कोंडून घेतलं होतं. या ज्युलियननं देवाच्या प्रेमाला ‘होमली’ म्हटलं आहे. देव सिंहासनावर दूर बसलेला नाही. अंगावरच्या वस्त्रासारखा तो मायेनं आपल्याला लपेटून असतो, अशा अर्थानं. आपल्याकडं संतांनी विठ्ठलाला ‘माउली’ म्हटलं, तशीच ही जवळीक. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी ‘होमली’ हा शब्द साक्षात देवाला शोभत होता बरं का!

पण घरचं म्हणजे साधं, आणि साधं म्हणजे दिमाख नसलेलं. तिथून शब्द घसरला तो चेहऱ्यावर. शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ या नाटकात एड्रियाना नावाची बायको आहे. नवऱ्याचं लक्ष बाहेर लागलंय असं तिला वाटतं. वयानं माझं रूप ओसरलं का, असं ती विचारते, तेव्हा त्या वयाला ती ‘होमली’ म्हणते. आणि पुढे म्हणते, तसं झालं असेल तर नवऱ्यानंच ते घालवलं. याच नाटकावरून गुलजारांनी १९८२ साली ‘अंगूर’ काढला. त्यातली संशयानं त्रासलेली मौशुमी चटर्जी आठवते ना? तिचं मूळ ही एड्रियाना.

मग आला कवी मिल्टन. त्याच्या १६३४ सालच्या ‘कोमस’ या नाट्यकाव्यात एक मायावी जादूगार एका कुमारिकेला भुलवायला बघतो. तो तिला पटवतो, की बेताच्या रूपाच्या बायकांनीच घरात बसावं, त्यांना नावच मुळी घरावरून पडलंय. सुंदर बाईनं लोकांत मिरवावं. शब्दाच्या पोटात दडलेला डाव त्या जादूगारानं चारशे वर्षांपूर्वीच बोलून दाखवला. जी घरात असते ती दिसायला बेताची, आणि जी दिसायला बेताची तिनं घरातच राहावं.

पुरुषाचं काय? अब्राहम लिंकन यांच्या चेहऱ्याला त्यांच्या काळचे लोक सर्रास ‘होमली’ म्हणत, आणि ते स्वतःही आपल्या रूपावर विनोद करत. १८६० च्या निवडणुकीच्या धामधुमीत ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं त्यांना पत्र पाठवलं, की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी राखा, म्हणजे बरे दिसाल. लिंकन यांनी खरंच दाढी राखली. निवडून आल्यावर, १८६१ साली, तिच्या गावच्या स्टेशनवर गाडी थांबली, तेव्हा तिला बोलावून घेऊन भेटलेही. रूप बेताचं म्हणून त्यांचं काही अडलं नाही. त्यांना कुणी घरात बस म्हटलं नाही.

हसू नका, आपल्याकडंही तेच

हे सगळं ऐकून जाऊबाई म्हणाल्या, “काय बाई हे इंग्रजी! एका शब्दाचे असे उलटसुलट अर्थ.”

मी म्हटलं, “थांबा. आपण ‘साधी’ शब्द कसा वापरतो? ‘मुलगी अगदी साधी आहे हो’ म्हटलं तर कौतुक. ‘दिसायला साधीच आहे’ म्हटलं तर?”

जाऊबाई गप्प झाल्या. ‘साधी’ला नुसता ‘च’ लागला, की गुणाचा अवगुण होतो. ‘चारचौघींसारखी’, ‘नाकीडोळी नीटस’ हे शब्दही तसेच, तोंडानं गोड आणि आतून वजनकाटा. अमेरिकन माणसाचं ‘होमली’ म्हणजे आपलं ‘दिसायला साधीच’. भाषा बदलली तरी बाईला तोलायची तऱ्हा काही बदलत नाही.

एवढ्यात खिडकीशी उभी असलेली पुतणी वळली. म्हणाली, “काकू, तिकडच्या अर्थाचं मला काही वाटलं नाही. उलट हसूच आलं. मला राग आलाय तो इकडच्या अर्थाचा.”

“म्हणजे गं?”

“आईनं मला न विचारता लिहून टाकलं. मी आहे का होमली? सकाळी सव्वासातला मी घर सोडते, संध्याकाळी सातला येते. माझ्या पोळ्या अजून चारी दिशांना जातात. उद्या ती माणसं म्हणाली, तुम्हीच लिहिलं होतं, आता नोकरी कशाला, तर खोटं कोण पडणार? मीच ना?”

तिचं म्हणणं खरं होतं. फार्मसीची पदवी घेऊन ती एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ती घरात बसणारी नव्हे. पण मग मला आमच्या सासूबाईंची आठवण झाली. शेवटची दीड वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, धाकट्या दिरांकडेच. मी दुपारी जाऊन बसत असे. पण रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, ते केलं या मुलीनं. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून तिनं कपाटावर चिकटवल्या होत्या. सकाळी पुन्हा सव्वासातला कामावर हजर. मी दहा मिनिटांवर राहत होते, पण रात्रीच्या जागरणात मी नव्हते, ती होती. हे आज लिहायला मला लाज वाटत नाही, पण तेव्हा कधी बोलले नव्हते.

मी जावेला विचारलं, “हे का नाही लिहिलंत?”

ती म्हणाली, “त्यात काय लिहायचं? ते तर घरचंच.”

ऐकलंत? ‘घरचंच’. ज्युलियननं देवाच्या प्रेमासाठी वापरलेल्या शब्दाचा हाच तर अर्थ. जी गोष्ट त्या शब्दात खरोखर बसत होती, ती आम्ही कागदावर घेतलीच नाही. आणि तिच्या जागी ठेवला एक छापील शब्द, तो आमच्या मुलीच्या अंगाला कुठूनच बसत नव्हता.

मग लिहायचं काय?

आता थोडं कामाचं बोलू. नुसतं ‘होमली’ खोडून भागत नाही, कारण त्याच्या जागी सुचणारे शब्दही जपून वापरायचे असतात.

‘सिंपल’ हा शब्द राहणीला लावला, कपड्यांना लावला, तर ठीक. पण माणसाला ‘सिंपल’ म्हटलं, तर इंग्रजीत त्याचा अर्थ भोळसट, बुद्धीनं कमी, असाही होतो. म्हणून ‘शी लाइक्स अ सिंपल लाइफ’, तिला साधं राहणं आवडतं, असं लिहावं.

‘प्लेन’ तर लिहूच नये. माणसाबद्दल असेल, तर इंग्लंडातही त्याचा अर्थ दिसायला साधी असाच आहे.

‘डोमेस्टिकेटेड’ हा शब्द मुख्यतः माणसाळवलेल्या जनावरांचा. माणसाबद्दल वापरलाच तर थोडा थट्टेनं. सोयरिकीच्या कागदात नको.

खरोखरच मुलीला घरात रमायला आवडत असेल, तर ‘होम-लव्हिंग’ हा शब्द निर्धोक आहे. माणसांची, गोतावळ्याची ओढ असेल, तर ‘फॅमिली-ओरिएंटेड’. वागण्यात डौल नसेल, पाय जमिनीवर असतील, तर ‘डाउन-टु-अर्थ’. आणि हे तिन्ही शब्द मुलालाही लावता येतात, हा त्यांचा मोठाच गुण.

घरी पाहुणे ठेवता, डबे देता, पाटी लिहायची आहे? ‘होमली फूड’ इंग्लंडच्या माणसाला कळेल, अमेरिकन माणूस मात्र क्षणभर थबकेल. ‘होम-कुक्ड फूड’ लिहा, ते सगळीकडं चालतं. खोलीसाठी ‘कोझी’ किंवा ‘कम्फर्टेबल’ लिहावं. आणि इंग्लंडातल्या मैत्रिणीच्या घराला ‘होमली’ म्हटलंत, तर ती खूश होईल, तिथं बिनदिक्कत म्हणा.

पण सगळ्यांत चांगला उपाय वेगळाच आहे. विशेषण शोधायचंच नाही. मुलगी काय करते ते लिहायचं. विशेषण कुणीही कुणालाही चिकटवतं. पण ती काय करते, ते तिचं एकटीचं असतं. शिवाय साध्या वाक्याचे तीन देशांत तीन अर्थ होत नाहीत.

त्या रात्री आम्ही तिघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि कागद पुन्हा लिहिला. या वेळी पेन पुतणीच्या हातात. ‘शी वर्क्स इन अ लॅबोरेटरी.’ मी प्रयोगशाळेत काम करते, हे तिनं तिसऱ्या माणसासारखं लिहिलं. ‘शी लुक्ड आफ्टर हर ग्रँडमदर फॉर अ इयर अँड अ हाफ.’ हे वाक्य मी सांगितलं. ती नको नको म्हणत होती. ‘शी इज लर्निंग टू कुक.’ स्वयंपाक शिकते आहे. आणि शेवटी तिनं आपणहून एक ओळ घातली: मुलालाही घरातलं काय काय येतं, तेही कळवावं.

भावोजी म्हणाले, “असं विचारतात का?” जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पण कागद पाठवताना त्यांनी ती ओळ खोडली नाही.

ते स्थळ पुढे जमलं नाही. पुतणीला इतक्या लांब जायचं नव्हतं, आणि या वेळी तिला आधी विचारलं गेलं. मुलाच्या आईनं मात्र मन मोकळं करून सांगितलं, की इतक्या मुलींचे कागद आले, पण ही मुलगी कशी आहे ते ह्याच कागदावरून कळलं.

तुमच्याही घरी लेकीच्या नाहीतर नणंदेच्या माहितीचा कागद तयार होत असेल. शब्दकोश उघडण्याआधी तिलाच जवळ बसवा आणि विचारा, तुझ्याबद्दल काय लिहू? आणि ती म्हणाली, ‘त्यात काय लिहायचं, ते तर घरचंच’, तर नेमकं तेच आधी लिहून घ्या.

आमच्या जाऊबाईंनी तो कागद कपाटात जपून ठेवलाय. परवा गेले होते, तर म्हणाल्या, “वहिनी, ते सासूबाईंचं वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवा हो. इंग्रजीत कसं वाटतं ते ऐकायचंय.” मी वाचून दाखवलं. पुतणी पलीकडं पोळ्या लाटत होती. चारी दिशांना जाणाऱ्याच!